हरवलेल्या चित्राची साक्ष

अठराशे सत्तावनच्या उठावावर लिहिलेली सचित्र पुस्तके चाळू लागलो, की त्यांतील पुष्कळांत एक चित्र हटकून भेटते. मोकळे मैदान आहे, तोफांची एक रांग तिरकी होत दूरवर गेली आहे आणि प्रत्येक तोफेच्या तोंडाशी पाठ टेकवून एकेक मनुष्य बांधला आहे. अगदी पुढच्या तोफेला एक वृद्ध जखडलेला दिसतो. तोफेजवळ उभे असलेले गोरे सैनिक शांत आहेत; आज्ञा सुटण्याचीच काय ती वाट आहे. चित्र काळ्यापांढऱ्या छटांचे आहे व त्यात बारकावा इतका आहे, की पाहणारा ते छायाचित्रच समजतो. खाली बहुधा एवढेच छापलेले असते: ‘१८५७ - बंडवाल्यांना तोफेच्या तोंडी दिले जात असताना.’

हे छायाचित्र आहे, यात शंका नाही. परंतु ते मैदानावर घडलेल्या प्रसंगाचे छायाचित्र नाही. ते एका रंगीत तैलचित्राचे, पुढे काढलेले छायाचित्र होय. ते तैलचित्र सत्तावनच्या उठावानंतर सुमारे सत्तावीस वर्षांनी, म्हणजे १८८४च्या आसपास रंगविले गेले. चित्रकार होता वसिली वेरेश्चागिन नावाचा रशियन गृहस्थ. उठाव झाला तेव्हा तो चौदा-पंधरा वर्षांचा असून रशियात होता. आणि मूळ तैलचित्र आज कोठे आहे याचा पत्ता नाही. आपल्यासमोर उरल्या आहेत त्या केवळ त्याच्या छायाप्रती व त्या छायाप्रतींवरून छापलेली चित्रे. एखादे हस्तलिखित हरवावे आणि त्याच्या नकलेच्या नकलेवरून आपण इतिहास सांगू लागावे, असाच हा प्रकार आहे. कागदपत्रांच्या बाबतीत आपण नकलाकाराची चूक शोधतो, शाई आणि अक्षर तपासतो. चित्राच्या बाबतीत मात्र आपण सहसा काहीच विचारीत नाही. ते का विचारले पाहिजे, आणि विचारले नाही तर कोणाचे नुकसान होते, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

भिलाईत राहणाऱ्यांना या चित्रकाराची ओळख थोडी जवळची वाटावी असा एक योगायोग आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ साली झाला व पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. ज्या १९५५ साली हा करार झाला, त्याच साली रशियाच्या उत्तरेकडील चेरेपोव्हेत्स या गावच्या नव्या कारखान्यातून पहिले लोखंड बाहेर पडले. चेरेपोव्हेत्स आज भिलाईप्रमाणेच पोलादाचे नगर म्हणून ओळखले जाते. वेरेश्चागिनचा जन्म १८४२ साली याच चेरेपोव्हेत्स गावी झाला. त्या काळी ते लहानसे गाव होते. त्याच्या घराण्याचे घर तेथे आज संग्रहालय म्हणून राखलेले आहे.

हा चित्रकार घरात बसून युद्धाची चित्रे काढणारा नव्हता. तुर्कस्तानच्या मोहिमेत तो रशियन सैन्याबरोबर होता. १८६८ साली समरकंदच्या वेढ्यात त्याने स्वतः बंदूक हाती घेतली व शौर्याबद्दल सेंट जॉर्जचे पदक मिळविले. १८७७ साली रशिया आणि तुर्कस्तान यांच्या युद्धात डॅन्यूब नदीवर तो जखमी झाला. अखेर १९०४ साली, जपानशी चाललेल्या युद्धात, ‘पेत्रोपाव्लोव्स्क’ ही युद्धनौका पोर्ट आर्थरजवळ बुडाली, तेव्हा सेनापती मकारोव्ह यांच्याबरोबर तोही समुद्रात गेला. युद्ध जवळून पाहिल्यामुळेच युद्धाचा गौरव करणे त्याला अशक्य झाले होते. कवट्यांच्या ढिगाऱ्यावर कावळे बसलेले आहेत, असे त्याचे १८७१ सालचे चित्र जगप्रसिद्ध आहे. स्वपक्षाचेही दोष तो झाकीत नसे. रणांगणावर सोडून दिलेल्या एका रशियन शिपायाच्या प्रेताचे चित्र त्याने काढले, तेव्हा रशियन सेनाधिकारी संतापले. त्या टीकेने व्यथित होऊन १८७४ साली त्याने ते व आणखी दोन चित्रे स्वतःच्या हाताने जाळली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की जाळलेल्या त्या शिपायाच्या चित्राचे रूपही आपल्याला केवळ छायाप्रतीमुळेच ठाऊक आहे. मूळ हातचे गेले आणि प्रत जगली, असा प्रसंग या एकाच माणसाच्या चरित्रात दोनदा आला.

वेरेश्चागिन हिंदुस्थानात दोनदा आला: पहिल्यांदा १८७४ ते १८७६ या काळात आणि नंतर १८८२-८३मध्ये. काश्मीर, लडाख, आग्रा, दिल्ली, राजस्थान असा त्याने प्रवास केला. प्रिन्स ऑफ वेल्सची जयपुरातील मिरवणूक दाखविणारे त्याचे प्रचंड चित्र कोलकात्याच्या व्हिक्टोरिया स्मारकात आहे. राजवैभव आणि राजदंड या दोन्ही गोष्टी त्याने येथे पाहिल्या. पुढे त्याने देहदंडाची तीन चित्रे मिळून एक मालिका केली. रोमन अमलात क्रुसावर दिली जाणारी शिक्षा, रशियात कटवाल्यांना दिली जाणारी फाशी आणि हिंदुस्थानात तोफेच्या तोंडी देण्याची शिक्षा, असे तिचे तीन विषय होते. या मालिकेचा हेतू स्पष्ट होता: राज्य बदलले, धर्म बदलला, शतके लोटली, तरी सत्ता भयावर कशी उभी राहते, हे त्याला दाखवावयाचे होते. आपल्या देशाच्या झारला त्याने वगळले नाही, ही गोष्टही विसरता कामा नये.

ही चित्रे युरोपात ठिकठिकाणी मांडली गेली. १८८७ साली लंडनच्या ग्रोव्हनर चित्रशाळेत त्याचे प्रदर्शन झाले व इंग्रज प्रेक्षकांत खळबळ उडाली. १८८८ साली तो अमेरिकेत प्रदर्शन घेऊन गेला आणि १८९१ साली न्यूयॉर्कला झालेल्या लिलावात त्याची अनेक चित्रे विखुरली गेली. तोफांचे चित्र इंग्रज सरकारने विकत घेऊन नष्ट केले, अशी वदंता आहे. ती ऐकावयास रोचक असली, तरी तिला खात्रीचा पुरावा नाही. मूळ चित्र दृष्टीआड झाले आणि छायाप्रती मात्र देशोदेशी पसरल्या, एवढे खरे.

या छायाप्रतींचे युग कसे आले, हेही थोडे पाहिले पाहिजे. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ हे सचित्र साप्ताहिक १८४२ साली निघाले, तेव्हा वृत्तपत्रात छायाचित्र छापण्याची कला अस्तित्वात नव्हती. दूरच्या लढाईची हकीकत यावयाची, लंडनमधील चित्रकाराने तिच्यावरून रेखाटन करावयाचे आणि कारागिरांनी ते लाकडी ठोकळ्यावर कोरावयाचे, अशी ती रीत होती. सत्तावनच्या उठावाची असंख्य चित्रे अशीच तयार झाली. १८५१ साली फ्रेडरिक आर्चरने काचेवरील ओल्या कोलोडियनची पद्धत शोधून काढली आणि एका काचेवरून कागदावर हव्या तितक्या प्रती काढता येऊ लागल्या. मग पॅरिस, म्यूनिक अशा शहरांतील व्यापारी पेढ्यांनी प्रसिद्ध तैलचित्रांच्या छायाप्रती विकण्याचा मोठा व्यवसाय उभारला. ज्यांना तैलचित्र घेणे स्वप्नातही शक्य नव्हते, त्यांच्या बैठकीच्या खोलीत आता वॉटर्लू किंवा सेवास्तोपोल लटकू लागले. १८८०च्या दशकात ठिपक्यांच्या जाळीचा छपाई-ठसा आला. मजकूर व छायाचित्र एकाच यंत्रावर छापता येऊ लागले आणि भिंतीवरचे चित्र पुस्तकाच्या पानावर उतरले.

या उलथापालथीत दोन गोष्टी नकळत घडल्या. पहिली रंगांची. त्या काळच्या काचांना निळा प्रकाश लवकर कळे, तांबडा आणि पिवळा जवळजवळ कळतच नसे. त्यामुळे निळे आकाश पांढरे होई व तांबडा अंगरखा काळा पडे. १८७३ साली फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने रसायनात रंगद्रव्य मिसळून हा दोष कमी करण्याची वाट दाखविली. पण ती सुधारणा सर्वत्र रुळण्यास काळ लागला. चित्रकाराने रंगांतून सांगितलेले बरेचसे अशा रीतीने प्रतीतून गळून जात असे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. तैलचित्रात कुंचल्याचे फटकारे दिसतात, रंगाचे थर दिसतात आणि ‘हे कोणा माणसाने काढले आहे’ अशी जाणीव पाहणाऱ्याला क्षणोक्षणी राहते. छायाप्रतीत ते फटकारे बुजतात. वेरेश्चागिनची शैली मुळातच छायाचित्रासारखी रेखीव होती. तिची छायाप्रत झाल्यावर चित्रकार जणू अदृश्य झाला व घटना तेवढी उरली. चित्राला कॅमेऱ्याची प्रतिष्ठा मिळाली. कॅमेरा खोटे बोलत नाही, असा लोकांचा समज; पण येथे कॅमेऱ्याने ग्वाही दिली होती ती ‘असे एक चित्र होते’ एवढ्याचीच.

आता त्या चित्राचीच साक्ष तपासू. १८८७ साली लंडनच्या टीकाकारांनी एक नेमका आक्षेप घेतला होता: चित्रातील सैनिकांचा पोशाख सत्तावनचा नाही, तो १८८०च्या दशकातील आहे. तोफेची शिक्षा सत्तावनच्या असाधारण काळात दिली गेली, पण चित्रकार मात्र ती आजही रोज चालते असे भासवीत आहे, असा त्यांचा रोख होता. त्याच वर्षी डिसेंबरात ‘मॅगझिन ऑफ आर्ट’ या मासिकातून वेरेश्चागिनने उत्तर दिले. त्याचा आशय असा, की पुन्हा बंड झाले तर इंग्रज पुन्हा हीच शिक्षा देतील. उत्तर चतुर आहे. पण आक्षेपाला बगल देणारे आहे. चित्राच्या प्रचलित नावातही साल नाही आणि गावही नाही. ‘ब्रिटिश हिंदुस्थान’ एवढाच शब्द आहे.

परंतु लंडनचे टीकाकारही सत्य बोलत नव्हते. तोफेची शिक्षा सत्तावनबरोबर संपली नव्हती. जानेवारी १८७२मध्ये पंजाबातील नामधारी शिखांच्या, म्हणजे कूका पंथाच्या एका जथ्याने मालेरकोटल्यावर हल्ला केला. तो मोडून काढल्यावर लुधियानाचा उपायुक्त कॉवन याने १७ जानेवारीस, कोणताही रीतसर खटला न चालविता, ४९ जणांना तोफांनी उडविले. दुसऱ्या दिवशी आयुक्त फोर्साइथ याने झटपट चौकशी करून आणखी १६ जणांना तीच शिक्षा दिली. हे कृत्य सरकारलाही पेलवले नाही. कॉवनला बडतर्फ करण्यात आले व फोर्साइथची बदली झाली. पंथाचे गुरू रामसिंह यांना रंगूनला हद्दपार केले गेले. वेरेश्चागिन पहिल्यांदा या देशात आला, तेव्हा या घटनेला दोनच वर्षे झाली होती. म्हणून अनेक अभ्यासक त्याचे चित्र मालेरकोटल्याशी जोडतात आणि ते सयुक्तिक वाटते.

म्हणजे काय झाले? ज्या चित्रामागे बहुधा १८७२चे पंजाबी शेतकरी आणि कारागीर उभे आहेत, त्याखाली आपण ‘१८५७’ असे छापीत आलो. याने मालेरकोटल्याच्या त्या ६५ जणांना त्यांच्याच चित्रातून बाहेर काढले. शिवाय वाचकाची अशी समजूत झाली, की ही क्रूरता युद्धाच्या उन्मादातील, एका वर्षापुरती होती. वस्तुतः ती शांततेच्या काळात, राणीचे राज्य स्थिर झाल्यावर, एका नोकरशहाच्या सहीने घडली होती. चुकीचे साल छापण्याने इंग्रजी राज्यावरील आरोप वाढला नाही, उलट सौम्य झाला. ही या प्रकरणातील मोठी विसंगती होय.

मग सत्तावनचे काय? तेथे अशा शिक्षा झाल्याच नाहीत काय? झाल्या, आणि त्यांना चित्राचा आधार घेण्याची गरजच नाही. ही शिक्षा इंग्रजांनी शोधून काढलेली नव्हती. मोगलांच्या काळापासून ती या देशात होती आणि ‘तोफेच्या तोंडी देणे’ हा शब्दप्रयोग मराठीत रुळलेला आहे. कंपनीने ती उचलली व कवायतीच्या शिस्तीने वापरली. १७६४ साली, बक्सारच्या लढाईच्या काही आठवडे आधी, हेक्टर मन्रो याने आज्ञाभंग करणाऱ्या २४ शिपायांना अशा रीतीने ठार केले. १० जून १८५७ रोजी पेशावरला ५५व्या पलटणीचे ४० शिपाई फौजेसमोर तोफांनी उडविले गेले. आपल्या महाराष्ट्राचीही यातून सुटका झाली नाही. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना मृत्युदंड दिला गेला. पाच जणांना फाशी, सहा जणांना तोफेच्या तोंडी आणि सहा जणांना गोळ्या. फाशी गेलेल्यांत रंगो बापूजींचा पुत्र सीताराम होता. त्याच वर्षी १५ ऑक्टोबर रोजी मुंबईच्या एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, ड्रिल हवालदार सय्यद हुसेन आणि शिपाई मंगल गाडिया यांना तोफांनी उडविण्यात आले. यांपैकी कोणत्याही प्रसंगाचे छायाचित्र नाही. साल आहे, जागा आहे, काही नावे आहेत. परंतु चित्र नाही म्हणून ही नावे आपल्या मुलांना ठाऊक नाहीत आणि चित्र आहे म्हणून चुकीचे साल मात्र तोंडपाठ आहे!

कोणी म्हणेल, चित्रकारापेक्षा प्रत्यक्ष कॅमेरा घेऊन आलेल्यावर विश्वास ठेवावा. तेही तितकेसे सोपे नाही. फेलीचे बेआतो हा छायाचित्रकार १८५८ साली लखनौला पोहोचला. सिकंदर बागेतील घनघोर लढाई नोव्हेंबर १८५७मध्ये होऊन गेली होती. त्याच्या प्रसिद्ध छायाचित्रात बागेच्या अंगणभर मानवी हाडे विखुरलेली दिसतात. लढाईनंतर इतक्या महिन्यांनी ती तशी कशी राहिली, असा प्रश्न तेव्हापासून विचारला गेला आहे. छायाचित्रासाठी ती पुन्हा उकरून पसरली असावीत, असे पुष्कळांचे मत आहे. त्या काळच्या संथ काचांवर धावती लढाई टिपणे अशक्यच होते. म्हणून चित्रकार कल्पनेने प्रसंग उभा करी आणि छायाचित्रकार उरलेल्या अवशेषांतून तो मांडी. दोघेही घटनेनंतर येत.

आता पुन्हा छत्तीसगडाकडे वळू. कारण या चित्राची सावली येथवर पोहोचली आहे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले, त्याबरोबर छत्तीसगड कंपनीच्या थेट अमलाखाली आला. १८५६ साली दुष्काळ पडला. सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांनी कसडोलच्या एका सावकाराचे धान्याचे कोठार उघडून ते भुकेल्या रयतेत वाटले. या कृत्याबद्दल त्यांना पकडून रायपूरच्या तुरुंगात ठेवले गेले. ऑगस्ट १८५७मध्ये ते निसटले, सोनाखानला त्यांनी सुमारे पाचशे माणसे जमविली, इंग्रजी फौजेशी झुंज दिली आणि अखेर ते कैद झाले. १० डिसेंबर १८५७ रोजी रायपूर येथे त्यांना देहदंड दिला गेला. पुढे १८ जानेवारी १८५८ रोजी त्याच छावणीत हनुमानसिंह या शिपायाने सार्जंट मेजर सिडवेल याला ठार करून उठाव केला. तो फसला व २२ जानेवारीस त्याच्या १७ साथीदारांना फाशी देण्यात आली.

नारायणसिंहांना फाशी दिली, असे इतिहासग्रंथ सामान्यतः सांगतात. परंतु १९८७ साली भारत सरकारच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले, त्यावर ते तोफेसमोर बांधलेले दाखविले आहेत. लोकांच्या मनातही तोफेची आठवण दृढ आहे. या स्मृतीला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. लोकस्मृती आपल्या वीराच्या मृत्यूला ज्या रूपात पाहते, त्या रूपातून तिचा क्रोध आणि आदर दोन्ही बोलतात. मात्र त्या रूपाच्या घडणीत सर्वत्र पसरलेल्या तोफांच्या चित्रांचा वाटा असणे स्वाभाविक आहे. सत्तावनचा हुतात्मा म्हटला की डोळ्यांसमोर तोफ उभी राहते. यात हानी होते ती अशी: तोफ इतकी मोठी होते, की धान्याचे कोठार तिच्यामागे झाकले जाते. नारायणसिंहांचे थोरपण त्यांच्या मरणाच्या प्रकारात नाही. दुष्काळात रयतेची भूक आणि सावकाराचे कुलूप यांपैकी कशाची बाजू घ्यावयाची, हा प्रश्न त्यांनी एका क्षणात सोडविला, त्यात ते आहे. त्या कोठाराचे चित्र कोणी काढले नाही.

वेरेश्चागिन हे चित्र रंगवीत होता, साधारण त्याच सुमारास आपल्या कोकणात एक वृद्ध भिक्षुक सत्तावनच्या आठवणी मोडी अक्षरात लिहीत होता. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे उठावाच्या काळात उत्तर हिंदुस्थानात गेले होते व झाशी पडली तेव्हा ते झाशीतच होते. १८८३च्या सुमारास त्यांनी आपला वृत्तांत लिहिला. चिंतामणराव वैद्य यांनी तो १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केला. वैद्यांनी काळ पाहून त्यात फेरफार केले होते. परंतु मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जपले गेले, म्हणून १९६६ साली दत्तो वामन पोतदारांना मूळ संहिता वाचकांपुढे ठेवता आली. प्रत आणि मूळ शेजारी ठेवून पाहण्याचे भाग्य गोडसे भटजींच्या वाचकाला लाभले. वेरेश्चागिनच्या प्रेक्षकाला ते लाभलेले नाही. म्हणून त्याच्यावर जबाबदारी अधिक आहे.

ही जबाबदारी फार अवघड आहे असे नाही. अशा चित्राखाली चार गोष्टी छापल्या म्हणजे पुरे: कोणी काढले, केव्हा काढले, कोणत्या घटनेविषयी काढले आणि आपल्यापुढे मूळ आहे की प्रत. एवढ्याने चित्राचे मोल उणे होत नाही. इंग्रजी सत्तेच्या ऐन मध्यान्ही, लंडनच्या भर वस्तीत, एका परक्या चित्रकाराने साम्राज्याला आरसा दाखविला, याचा तो अस्सल पुरावा आहे आणि त्या दृष्टीने त्याची साक्ष खरी आहे. मात्र जी गोष्ट त्याने पाहिली नाही, ती त्याच्या तोंडून वदवून घेऊ नये. साक्षीदाराला त्याच्या माहितीपलीकडचे विचारले, की खरा साक्षीदारही खोटा ठरतो. आणि एकदा तो खोटा ठरला, की प्रतिपक्ष गेंडामाळावरील सतरा जणांनाही खोटे ठरविण्यास मोकळा होतो.

भिलाईहून रायपूर अवघे तीसेक किलोमीटर आहे. तेथील जयस्तंभ चौकातून रोज हजारो माणसे जातात. नारायणसिंहांना देहदंड दिला गेला, ती जागा हीच असे सांगतात. तेथून जाताना आपल्या मुलाला एखाद्याने तोफेची गोष्ट सांगितली, तर सांगावी. पण त्याआधी छप्पन्नच्या दुष्काळाची आणि उघडलेल्या कोठाराची गोष्ट सांगावी. आणि ते चित्र दाखविलेच, तर मालेरकोटल्याचे नाव घेण्यास विसरू नये. मेलेल्यांना आपण दुसरे काही देऊ शकत नाही. त्यांचे साल आणि त्यांचे गाव तेवढे त्यांना परत देता येते.